सातव्या पानावरचं कासव

४ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच! साहेबांनी बदलीचा अर्ज वाचला, घडी घातली आणि खालच्या खणात टाकला. "तुमच्याशिवाय हे कुणाला कळतंय, मॅडम?" — वर हसणं. चौथा अर्ज हा. आधीचे तीनही त्याच खणात असणार. आता चौघं मिळून पत्ते खेळतील.

लोकांना वाटतं, केवढा मान! कसला मान? खुंटीला बांधलेल्या गाईला म्हणायचं, तुझ्याशिवाय गोठ्याला शोभा नाही. तसं आहे हे.

नऊ वर्षं याच खोलीत. खिडकी नाही. एका बाजूला काच, काचेपलीकडे सर्व्हरची कपाटं आणि त्यांचे हिरवे दिवे. समोर भिंत, भिंतीवर डोंगराचं चित्र. खोलीत माझ्याखेरीज जिवंत असं एकच माणूस — टेस्टरबाई. मी लिहिलेल्यातल्या चुका शोधणं हे तिचं पोटापाण्याचं काम. आज म्हणाली, "ते चित्र वाकडं लागलंय. नोंदवू का चूक म्हणून?"

घरी आले तर बाबा दारातच उभे. "उशीर झाला?" — सात मिनिटं झाला होता.

५ मार्च, बुधवार

आज सकाळी चहाच्या वेळी बाबांनी विचारलं, "ठमे, तू तिथं नेमकं करतेस तरी काय?" नऊ वर्षांनी!

म्हटलं, ऐका. एक संस्था आहे, म्हाताऱ्या माणसांसाठी निवासं चालवते. तिथं जागा हवी तर कॉम्प्युटरवर अर्ज भरायचा. नऊ पानांचा. एका बैठकीत कुणाच्यानं होत नाही. कुणाचा चष्मा सापडत नाही, कुणाचा हात थरथरतो, मध्येच औषधाची वेळ होते. म्हणून माणसानं अर्ज उघडला की आमच्या सर्व्हरवर त्याच्यापुरता एक तुकडा तयार होतो. ऑफिसात त्याला बीन म्हणतात, मी मनात दाणा म्हणते. एका माणसाला एक दाणा. तो फक्त त्या माणसाचंच लक्षात ठेवतो — कुठल्या पानावर होता, काय लिहिलं, काय खोडलं. माणूस उठून गेला की दाणा जरा वाट बघतो. मग मी त्याला निजवते, म्हणजे त्याच्या डोक्यातलं सगळं एका फाइलीत उतरवून ठेवते. माणूस परत आला की ती फाइल वाचून दाणा उठतो, आणि मध्ये काही झालंच नाही अशा थाटात पुढं चालू! असे दाणे घडवायचे, निजवायचे, उठवायचे.

"म्हणजे दुसऱ्याचं विसरायचं नाही, याचा तुला पगार मिळतो," बाबा म्हणाले.

"हो. पेन्शनही मिळेल."

"आणि माणूस आलाच नाही परत?"

"अर्ज उघडल्यापासून साठ दिवस. तेवढ्यात पाठवला नाही तर पुसून टाकायचा."

"आणि कुणी काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येतं?"

"छे! सक्त मनाई. क्रमांक दिसतो, पान दिसतं, किती चौकटी भरल्या आणि किती अक्षरं झाली ते दिसतं, शेवटचं बोट कधी लागलं ती वेळ दिसते. बास."

"बरोबर आहे," म्हणाले, आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासले. नियम कडक असला की त्यांचा चेहरा उजळतो. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी आमच्या स्वयंपाकघरातला काटा दर महिन्याला पितळी वजन ठेवून तपासतात. पाच ग्रॅमनं खोटा आहे म्हणे. त्यावर तशी चिठ्ठी चिकटवलीय, सहीसकट.

७ मार्च, शुक्रवार

कासव!

टेस्टरबाईला आज दाखवलंच. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एक क्रमांक आहे, २७ जानेवारीला उघडलेला. रोज ठीक अकराला हजर. पहिली सहा पानं दोन आठवड्यांत झाली, एकेक चौकट, एकही सोडलेली नाही. आणि सातव्या पानावर घोडं अडलंय. चार आठवडे! येतो, वीसेक मिनिटं बसतो, दहा-बारा अक्षरं वाढतात, पुन्हा तेवढीच कमी होतात, जातो. शनिवारी-रविवारी कधीच येत नाही.

"नोकरदार असणार," टेस्टरबाई म्हणाली. "साहेबाच्या नाकाखाली भरतोय अर्ज."

"या वयात नोकरी?"

"मग घरचे शनिवारी-रविवारी घरी असतील."

कसली पोचलेली आहे! पण असेलही. लपूनछपून भरत असेल बिचारा.

सातव्या पानावर दोनच गोष्टी आहेत. वर मोठी चौकट — निवासात येण्याचे कारण. खाली एक प्रश्न — याबाबत घरच्यांशी बोलणे झाले आहे का? हो किंवा नाही. तो प्रश्न मीच सक्तीचा केला. संस्थेच्या बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, लोक ते रिकामं सोडतात आणि मग मुलं येऊन आमच्याशी भांडतात. मी एका दुपारी करून दिलं. रिकामं ठेवलं तर आठवं पान उघडत नाही. 'नाही' म्हटलं तर संस्थेकडून घरी फोन जातो. केवढं कौतुक झालं होतं माझं.

कासव 'कारण' लिहितानाच अडकलं असणार. शब्द सुचत नसतील.

९ मार्च, रविवार

दादाचा फोन. दर रविवारी दहा मिनिटं, त्यातली आठ त्याच्या गुडघ्यावर. शेवटी ठरलेलं वाक्य — "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं." तो निर्धास्त! मग मी काय आहे?

लिहूनच टाकते, नाहीतर फुटेन. जानेवारीत रजिस्टर पत्र आलं. माझी कॉलेजातली मैत्रीण — तिनं दुसऱ्या गावी स्वतःची छोटी कंपनी काढलीय. इथून रेल्वेनं एक अख्खा दिवस. मला बोलावतेय. हातानं लिहिलंय शेवटी — "तुला खिडकीजवळचं टेबल. २० मार्चपर्यंत कळव, त्यापुढं मला थांबता येणार नाही." सही करून पाकीट बाबांनीच घेतलं होतं. ऑफिसचं आहे म्हणून सांगितलं. ठेवलं त्यांच्याच औषधांच्या फाइलीत! घरात बाबांचा हात लागत नाही अशी ती एकच जागा. "त्यात माझे दोष लिहिलेत" म्हणतात.

बाबांना सांगितलेलं नाही. सांगून काय होणार? येणार नाहीत. त्यांचे डॉक्टर इथं, बागेतल्या बाकावरचा मित्र इथं. आईनं शिवलेले पडदे इथं, ते धुवायलाही काढू देत नाहीत. विचारलं तर कसनुसं हसतील आणि म्हणतील, तू जा. आणि मी कशी जाऊ? एकट्यानं आंघोळीला गेले तरी मी बाहेर कान लावून असते.

दादाला विचारलं असतं तर? "या वयात त्यांना हलवू नकोस." झालं. फोन संपला.

११ मार्च, मंगळवार

काल पहाटेपासून बाबांना ताप. १०२. दोन्ही दिवस रजा. साहेबांचे काल चार फोन, आज सहा. "मॅडम, तो बीन की काय तो उठत नाहीये." बाबांच्या कपाळावर एका हातानं ओला रुमाल आणि दुसऱ्या हातानं फोन.

बाबा ग्लानीत काहीतरी पुटपुटत होते. "आजचं राहिलं" — एवढंच कळलं. म्हटलं, काय राहिलं? डोळे मिटून घेतले.

१३ मार्च, गुरुवार

ताप उतरला. शेजारच्या काकूंना बसवून ऑफिसला.

कासव आलेलं नाही! सोमवार, मंगळवार, बुधवार — तीन दिवस. टेस्टरबाई म्हणाली, "गेलं असेल." म्हटलं, थोबाडीत देईन. तीही दचकली, मीही.

अकरा वाजले. नाही. सव्वाअकरा. नाही. चहाला उठले नाही. अकरा चाळीसला — आलं! सातवं पान! पाचच मिनिटं बसलं, एक अक्षर लिहिलं नाही, गेलं. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. पलीकडच्या विभागातले दोघं दारातून बघायला लागले.

संध्याकाळी बाबांना सगळी गोष्ट सांगितली. कासव नाव ऐकून इतके हसले की ठसका लागला. पाठ चोळली. मग म्हणाले, "तुला काय एवढं पडलंय त्याचं?"

काय सांगणार? माझ्यासारखंच एका जागी अडकलेलं कुणीतरी जगात आहे, त्याचं बरं वाटतं. हे बापाला कसं सांगायचं? म्हटलं, कामच आहे माझं.

१५ मार्च, शनिवार

भांडण. साखरेवरून! मी चमच्यानं घातली, ते म्हणाले मोजून घाल, डॉक्टरांनी ग्रॅममध्ये सांगितलंय. मी म्हटलं तुमचा काटाच खोटा आहे, तुम्हीच चिठ्ठी लावलीय. ते म्हणाले, किती खोटा आहे ते लिहिलंय ना, मग तो खोटा राहत नाही.

मी पातेलं आपटलं. "सगळं तुमच्याच मापानं चाललंय या घरात!"

बाबा उठून आत गेले. मी ओट्यापाशी उभी, आणि मनात आलं — बाबा नसते तर.

हो, आलं. लिहिते. इथं खोटं लिहून कुणाला फसवायचंय? एका क्षणात खोली दिसली, खिडकी, टेबल. आणि मग लाज वाटली, इतकी की नळ सोडून तोंड धुतलं तीनदा.

नंतर ते बाहेर आले. माझ्या कपात काहीही न मोजता दोन चमचे साखर घातली आणि ढवळून दिला. आम्ही दोघंही असेच, तोंडाला कुलूप.

१८ मार्च, मंगळवार

साहेबांची मीटिंग. सर्व्हरची मेमरी भरत आलीय. ३१ ला आर्थिक वर्ष संपतं. तोवर जुनं सगळं साफ करायचं, साठ दिवस म्हणजे साठच, एक तासही वर नाही.

कासवाचे साठ २८ ला भरतात. मी बोट वर केलं, शाळेतल्यासारखं. "एखाद्याला दहा-पंधरा दिवस वाढवून देता आले तर?"

"कुणाला?"

"एक अर्जदार आहे. सातव्या पानावर."

"एका माणसासाठी? मॅडम, तुम्ही भावनिक होताय." मग सगळ्यांकडे बघून हसले.

होतेय भावनिक. मग? नऊ वर्षांत या खोलीत मी स्वतःच्या मर्जीनं एक गोष्ट केलेली नाही. ही करणार. दाण्याच्या आत एक जादा कप्पा करायचा — मुदतवाढ. एवढंच. दोन ओळींचं काम आहे. कुणाला कळणारही नाही.

२० मार्च, गुरुवार

नाही म्हणून कळवलं. दुपारी, जिन्यात उभी राहून. मैत्रीण म्हणाली, "तू काकांना विचारलंस तरी का?" म्हटलं, हो.

खोटं बोलले.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी बाबांनी विचारलं, "आज तारीख काय?" एकवीस म्हटलं. "मग काल वीस होती," असं स्वतःशीच म्हणाले. समोर पेपर होता, त्यावर तारीख होती! आता हेही सुरू होणार की काय?

२४ मार्च, सोमवार

नवा कोड चढवला. टेस्टरबाईनं तपासला, सगळं हिरवं, म्हणजे एकही चूक नाही. नवे अर्ज उघडून बघितले, निजवले, उठवले. उत्तम. कासवाच्या नशिबात आता पंधरा दिवस जास्त. ते आज अकराला येऊनही गेलं होतं, नेहमीसारखं. मी कोड दुपारी चढवला.

घरी येताना फुलं घेतली, उगाच. बाबा म्हणाले, "आज काय आहे?" म्हटलं, काही नाही.

२५ मार्च, मंगळवार

तोंडचं पाणी पळालं. सगळे गेले. सगळे!

सकाळी नऊपासून संस्थेत फोनवर फोन. "माझा अर्ज कोरा दिसतोय." "मी सहा पानं लिहिली होती हो." एक आजी म्हणे फोनवर नुसत्या रडत होत्या. त्यांनी पहिल्या पानासाठी तीन दिवस घेतले होते.

काय झालं ते मला दहा मिनिटांत कळलं. दाण्याचा आकार बदलला की आधी निजलेल्या दाण्यांना तो ओळखू येत नाही. फाइल जुन्या आकाराची, दाणा नव्या आकाराचा. सर्व्हर म्हणतो, हा आमच्यातला नव्हे. त्यासाठी जुना ओळख-आकडा कोडमध्ये स्वतःच्या हातानं लिहून ठेवायचा असतो. या कामातला पहिला धडा आहे तो! नव्या लोकांना मीच शिकवते! आम्ही फक्त नवे दाणे तपासले, निजलेला एकही उठवून बघितला नाही. कासवाची वाट सोपी करायला गेले आणि दोनशे बारा म्हाताऱ्या माणसांचं लिहिलेलं घालवलं.

अकराला कासव आलं. त्याच्यासमोर पहिलं पान उघडलं असणार, कोरं करकरीत. दोन मिनिटं थांबलं. काही लिहिलं नाही. गेलं.

साहेबांना सगळं खरं सांगितलं. मुदतवाढीचंही. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी आले तर बाबा खिडकीशी बसलेले, पडदा हातात धरून. जेवले नाहीत नीट. म्हटलं, बरं नाही का? म्हणाले, "आपल्या हातून मेहनतीचं काही पुसलं गेलं की मन लागत नाही, नाही?" मला वाटलं माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं त्यांनी. म्हणून त्यांनाही सगळं सांगितलं. कासवासाठी केलं हेही. बाबा टक लावून बघत राहिले.

"परत मिळतील?"

"मिळवेन. जीव गेला तरी मिळवेन."

"जीव नको," म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला स्वतःच्या हातानं पाणी आणून दिलं. अर्धं वाटेतच सांडलं.

२६ मार्च, बुधवार

आहेत! फाइली आहेत! सर्व्हरनं न ओळखलेल्या सगळ्या एका कोपऱ्यात नेऊन टाकल्या होत्या, पुसल्या नव्हत्या. टेस्टरबाईला मिठीच मारली. ती म्हणाली, "सोड, चष्मा मोडेल."

पण फेकताना त्यांचे क्रमांक गळलेत. कुठली फाइल कुणाची ते वरून कळत नाही. एकच मार्ग — प्रत्येक फाइल उघडायची, पहिल्या पानावरचं नाव आणि पत्ता बघायचा आणि संस्थेच्या यादीशी जुळवून जागेवर ठेवायची. हातानं. दोनशे बारा.

साहेबांनी लेखी परवानगी दिली. त्यात एक ओळ खाली रेघ मारून — "पहिल्या पानापलीकडे वाचू नये." संस्थेनं सगळ्यांना कळवलंय, शुक्रवारपर्यंत थांबा, नवीन काही लिहू नका.

आज एकोणनव्वद झाले.

२७ मार्च, गुरुवार

डोळे चुरचुरतायत. नावं, पत्ते, वयं. ब्याऐंशी. एकोणऐंशी. एक जोडपं — दोघांनी वेगवेगळे अर्ज भरलेत, एकमेकांना न सांगता असणार, कारण दोघांनी पत्ता निरनिराळ्या प्रकारे लिहिलाय. टेस्टरबाई म्हणाली, "सातवं पान बघू या का यांचं?" मी तिच्या हातावर चापटी मारली. नियम म्हणजे नियम. बाबांची मुलगी आहे मी, नावाला तरी.

पण कासव? त्याचं नाव तर कळणारच. नाव बघण्याची परवानगी आहे. मनातल्या मनात किती चेहरे बनवलेत मी त्याचे! शाळामास्तर असेल. नाहीतर शिंपी. टेस्टरबाईची पैज, बाईच असणार — "पुरुष इतके दिवस विचार करत नाहीत."

संध्याकाळपर्यंत एकशे ऐंशी. उरलेल्या बत्तिसांत आहे ते. उद्या.

बाबांनी विचारलं, "किती राहिले?" बत्तीस म्हटलं. "तुझं कासव सापडलं?" उद्या सापडेल म्हटलं. म्हणाले, "नाही सापडलं तरी चालेल गं. एखादा राहिला तर राहू दे."

मी चिडले. एकही राहणार नाही म्हटलं. तुम्हीच शिकवलंत ना, माप पुरं द्यायचं?

"हो," म्हणाले. मग बराच वेळ काट्यावरची ती चिठ्ठी नखानं सरळ करत बसले.

२८ मार्च, शुक्रवार

पत्ता आमचा आहे. तिसरा मजला, आठ नंबर. वय ७८. पूर्वीचा व्यवसाय — निरीक्षक, वजनमाप.

नियम मोडला. सातवं पान वाचलं. कारण — "मुलीला दुसऱ्या गावी चांगलं काम आलं आहे. २० मार्चपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझ्यामुळे ती जाणार नाही. पत्र औषधांच्या फाइलीत होतं, मी न विचारता वाचलं, ही माझी चूक." बस, एवढंच. एवढंच सहा आठवडे लिहीत-खोडत होते. आणि खाली माझा प्रश्न. घरच्यांशी बोलणे झाले आहे का? 'हो' नाही, 'नाही'ही नाही. रिकामं.

एक अक्षरही न बदलता अर्ज जागेवर ठेवला. साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली — नियम मोडला, कुणासाठी ते लिहून. टेस्टरबाईला म्हटलं, उरलेले तू कर. सगळा रस्ता धावत आले.

अकराला दार उघडलं. बाबा लॅपटॉपसमोर, एक बोट वर धरलेलं. मला बघून झाकण लावायला लागले. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. "राहू दे उघडं, बाबा. आधी बोलू."

दोन तास बोललो. रडलो, भांडलो. पडद्यांवरूनसुद्धा भांडलो — म्हणे ते तर काढून कुठंही नेता येतात, तू कधी विचारलंस? मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, टेबल रिकामंच आहे, दोन खोल्यांचं घर शोधू का? बाबा म्हणाले, शोध म्हणावं, पण भरायला घेतलेला अर्ज अर्धा टाकायचा नाही.

मग बाबांनी चष्मा पुसला, लॅपटॉपजवळ तोंड नेलं, आणि बोट तसंच अधांतरी ठेवून मला विचारलं — "ठमे, आता 'हो' लिहिलं तर ते खोटं नाही ना होणार?"